चिखल, चीक आणि बांगडा: प्रतिकारशक्ती घड्याळ लावून बघा

कोळंबी खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत ओठ सुजले. आंबे उतरवल्यावर दोन दिवसांनी हाताला पाणीदार फोड आले. फुरसं चावलं म्हणून प्रतिविष घेऊन घरी आलेल्या माणसाचे आठ-दहा दिवसांनी सांधे धरले, अंगावर पुरळ उठलं. आपल्याकडे या तिन्हींना ‘ॲलर्जी’ म्हणतात आणि तिन्हींवर मेडिकलमधून सेट्रिझिनची पट्टी आणतात. पहिल्या प्रकारात ती खाजेपुरती चालते, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच आणि तिसऱ्याला वेगळं औषध लागतं. तिन्ही ठिकाणी राबणारे घटक वेगळे आहेत आणि प्रत्येकाचा वेग ठरलेला आहे.

प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त होणारी एकच वस्तू आहे अशा थाटात आपण बोलतो आणि ती ‘वाढवायला’ काढे पितो. प्रत्यक्षात ती कितीतरी पेशी, प्रथिनं आणि अवयव मिळून चालवलेली यंत्रणा आहे. तिचा कुठला भाग कमी पडतोय किंवा कुठला अति करतोय हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. ते ओळखायची सगळ्यात हाताशी असलेली खूण म्हणजे वेळ. म्हणून काय खाल्लं, काय लागलं याबरोबरच ‘त्यानंतर किती वेळाने झालं?’ हा प्रश्न आधी विचारावा.

पहिली पंधरा मिनिटं

त्वचेखाली, श्वासनलिकेत आणि आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या रसायनाने भरलेले कण असतात आणि बाहेरच्या बाजूला आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बसलेली असतात. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या मांसात ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असतं. ज्याच्या शरीराने त्याविरुद्ध आयजीई बनवून ठेवलंय, त्याच्या मास्ट पेशी ते प्रथिन भेटताच काही मिनिटांत कण बाहेर ओततात. अंगावर पित्त उठतं, ओठ-पापण्या सुजतात, घसा आवळतो. ट्रोपोमायोसिन उकळून मोडत नाही, त्यामुळे ‘नीट शिजली नसेल’ हे कारण इथे लागू पडत नाही. माशांतलं त्रासदायक प्रथिन निराळं आहे, पार्व्हाल्ब्युमिन. म्हणून कोळंबी न सोसणाऱ्या बहुतेकांना सुरमई-पापलेट चालतं. धुळीतल्या माइट किड्यांचं ट्रोपोमायोसिन मात्र कोळंबीच्या जवळचं असतं, आणि धुळीने शिंका-दमा होणाऱ्यांपैकी काहींना कोळंबी बाधते ती त्यामुळेच.

घशात घरघर, श्वास लागणं, चक्कर, पाठोपाठ उलट्या यातलं काही असेल तर औषध एकच: ॲड्रेनलिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. सेट्रिझिन हिस्टामिनला अडवून खाज थांबवते, बंद होत चाललेला घसा उघडत नाही. गोळी देऊन ‘बघू अर्ध्या तासाने’ म्हणण्यात जीव जातात, आणि ते टाळता येतं म्हणून मला ते जास्त लागतं.

आता बांगडा. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फात न जाता टोपलीत उन्हात पडून राहिला, की त्याच्यावरचे जिवाणू हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ल्यावर साधारण १० मिनिटं ते तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, अंग खाजतं, कधी तोंडात मिरी चावल्यासारखं चरचरतं. दिसायला हुबेहूब कोळंबीच्या ॲलर्जीसारखंच, पण प्रतिकारयंत्रणेचा इथे काही संबंध नाही. हिस्टामिन आयतं पोटात गेलेलं असतं. तळून, उकळून किंवा नंतर फ्रीजरमध्ये ठेवून ते जात नाही. ओळख पटते ती दोन गोष्टींवरून: त्याच कालवणातलं खाल्लेल्या आणखी एक-दोघांनाही त्रास होतो, आणि त्याच माणसाला ताजा बांगडा कधीच बाधत नाही. इथे सेट्रिझिन चांगली लागू पडते. किनाऱ्यावरच्या माणसाला एका शिळ्या टोपलीपायी जन्मभर बांगडा बंद करायला सांगणं मला पटत नाही. होडीवर जितका मासा तितका बर्फ हे प्रमाण पाळलं तर हा प्रकार होतच नाही.

चिखलातले तास आणि आठवडे

लावणीच्या दिवसांत पाय सहा-आठ तास चिखलात असतात. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशी आणि स्निग्ध पदार्थ यांचा असतो, आणि पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, पीएच ५ च्या आसपास. हीच यंत्रणेची पहिली आणि सगळ्यात स्वस्त फळी. सतत भिजून हा थर फुगतो, बेचक्यांत चिखल्या होतात, तरव्याच्या मुळांनी आणि दगडाच्या कपऱ्यांनी बारीक चिरा पडतात. उंदराच्या मुतातून वाफ्यात आलेला लेप्टोस्पायरा, म्हणजे लेप्टोचा जिवाणू, तिथूनच आत जातो. डोळ्यात उडालेलं चिखलाचं पाणीही त्याला पुरतं.

आत गेल्यावर साध्या जिवाणूचं काय होतं ते आधी बघू. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाचा ३० हून अधिक प्रथिनांचा संच सतत फिरत असतो. परक्या पृष्ठभागावर त्यातलं सी-३ चिकटतं, एकामागून एक पुढची प्रथिनं जोडली जातात आणि शेवटी जिवाणूच्या पापुद्र्याला भोक पडतं. त्याच वेळी टीएलआर-४ हा पेशींवरचा ग्राहक जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो आणि न्यूट्रोफिल पेशींना हाक जाते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी ४० ते ७० टक्के या न्यूट्रोफिल असतात. हाडांच्या मगजात रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार होतात आणि रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. काटा रुतल्यावर काही तासांत त्या जखमेत पोचतात. पू म्हणजे बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिल.

लेप्टोस्पायरा हे दोन्ही चुकवतो. कॉम्प्लिमेंटने आपल्याच पेशी फोडू नयेत म्हणून शरीरात फॅक्टर एच हे आवर घालणारं प्रथिन असतं. लेप्टोस्पायरा ते रक्तातून ओढून स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतो, आणि कॉम्प्लिमेंट त्याला घरचा समजून थांबतं. शिवाय त्याचं लिपोपॉलिसॅकराइड माणसाच्या टीएलआर-४ ला ओळखू येत नाही. म्हणून पहिले काही दिवस तो रक्तात बिनबोभाट वाढतो. शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा ५ ते १४ दिवस जातात.

त्याला आवरतं ते प्रतिपिंड. परक्या पदार्थाचे तुकडे घेऊन डेंड्रिटिक पेशी जवळच्या लसिकाग्रंथीत जातात, तिथे नेमक्या जुळणाऱ्या टी आणि बी या पांढऱ्या पेशी सापडल्या की त्यांची संख्या वाढायला लागते. पायाच्या जखमेनंतर जांघेत अवधाण येतं ते हेच काम चालू असल्याची खूण. बी पेशींपासून आधी आयजीएम या प्रकारचं प्रतिपिंड बनतं, त्याला ५ ते ७ दिवस लागतात, आयजीजी त्यानंतर. हा उशीर शिस्तीचाच भाग आहे, काढ्याने तो कमी होत नाही.

गोंधळ होतो तो तपासणीत. तापाच्या दुसऱ्या दिवशी आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तात आयजीएम शोधणारी चाचणी केली, निगेटिव्ह आली, माणूस ‘लेप्टो नाही’ म्हणून परत वाफ्यात उतरला. त्या दिवशी प्रतिपिंडं तयारच झालेली नव्हती, मग चाचणीला दिसणार काय? पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतो, तेव्हा थेट जिवाणूचाच अंश शोधणारी पीसीआर उपयोगी. आयजीएम पाच-सहा दिवसांनंतर विश्वासाची. मधल्या काळात चाचणीपेक्षा लक्षणं आणि चिखलाचा इतिहास मोठा. ताप, पोटऱ्या दाबल्या तर जीव जाईल इतक्या दुखणं, चिपडं न येता लाल झालेले डोळे एवढ्यावर औषध सुरू करतात. हलक्या आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली किंवा थुंकीतून रक्त आलं तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन, आणि तेही रुग्णालयातच. लावणीच्या काळात जोखमीच्या लोकांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. ती जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून व्रण पडतो. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती देत नाहीत.

प्रतिपिंडं आल्यावर जिवाणू रक्तातून हटतो आणि मूत्रपिंडात, डोळ्याच्या आतल्या भागात टिकून राहतो. मग ताप उतरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढतो, डोकं असह्य दुखतं, किंवा काही आठवड्यांनी-महिन्यांनी डोळा लाल होऊन धूसर दिसतं. हा त्रास पुष्कळसा आपल्याच प्रतिकाराच्या जोराचा असतो. लेप्टो होऊन गेलेल्या माणसाने डोळा दुखला तर नेत्रतज्ज्ञाला तो आजार आवर्जून सांगावा.

उसनी प्रतिपिंडं

आठवडाभर थांबायला वेळ नसतो तेव्हा बाहेरून तयार प्रतिपिंडं द्यावी लागतात. कुत्रा चावला की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं. लस त्वचेत ०.१ मिलिलिटर दोन ठिकाणी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. लसीने स्वतःची प्रतिपिंडं पुरेशी व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. रक्त निघालेल्या जखमेत विषाणू तेवढा वेळ देईलच असं नाही. म्हणून रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं: मानवी असेल तर वजनाच्या किलोमागे २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०. ते शक्य तितकं जखमेतच आणि जखमेभोवती टोचायचं असतं. विषाणू जखमेत आहे, दंडात नाही. लसीच्या पहिल्या डोसला ७ दिवस उलटून गेले की ते देत नाहीत, कारण तोवर शरीराचं स्वतःचं काम सुरू झालेलं असतं आणि उसनी प्रतिपिंडं त्यात अडथळा आणू शकतात. बोटाला चावा असेल तर जागा कमी म्हणून टाळाटाळ होते. बोटात मज्जातंतू दाट असतात, तिथे तर ते जास्त गरजेचं.

सर्पदंशावरचं प्रतिविषही घोड्याची प्रतिपिंडंच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध. आपल्या कोकणातल्या कातळावर फुरशांची कमी नाही, त्यामुळे हे माहीत असावं. डोस वजनावर ठरत नाही. लहान मुलाला चावताना साप विष कमी सोडत नाही, म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या लागतात. देताना लगेच तीव्र ॲलर्जी उठू शकते, त्यासाठी ॲड्रेनलिन भरून बाजूला ठेवतात. उशिरा येणारा त्रास वेगळा. घोड्याचं प्रथिन परकं असल्याने आपलं शरीर आठवडाभरात त्याच्याविरुद्ध आयजीजी बनवतं. दोन्ही एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके सांध्यांत, त्वचेत, मूत्रपिंडात अडकतात. ताप, सांधे धरणं, पुरळ. प्रतिकार दाबणाऱ्या स्टिरॉइडने काही दिवसांत ते बहुधा बसतं. याची धास्ती घेऊन प्रतिविष नाकारणं मात्र घातक.

दोन दिवसांनी उठणारं

काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याचा चीक आणि बिब्बा ही एकाच कुळातली मंडळी. काजूच्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. हे रेणू इतके लहान असतात की एकटे असताना यंत्रणेला दिसत नाहीत. त्वचेतल्या प्रथिनाला चिकटले की ती जोडी परकी ठरते. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी ती उचलून ग्रंथीत नेतात आणि १० ते १४ दिवसांत तिच्यासाठी खास टी पेशी तयार होतात. पहिल्या खेपेला म्हणून बहुधा काही होत नाही. पुढच्या खेपेला टी पेशी त्वचेत गोळा व्हायला एक ते तीन दिवस घेतात, आणि मग खाज, लाली, फोड.

चिकाने होणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. उतरवताना चीक उडाला आणि त्याच दिवशी भाजल्यासारखा काळसर डाग पडला, तर ते चिकातल्या तीव्र द्रव्यांनी सरळ भाजणं. ते कुणालाही होतं. दोन दिवसांनी ओघळाच्या रेषेत खाजरे फोड आले, तर त्या टी पेशी. फोडातलं पाणी लागून ते पसरत नाही. नवे फोड दिसतात कारण जिथे चीक कमी लागला तिथे ते उशिरा येतात, किंवा चीक अजून कोयत्याच्या मुठीवर, शर्टाच्या बाहीवर आहे.

काम करताना: आंबा एक सेंटिमीटर देठासकट उतरवला तर चीक उडतच नाही. लागलाच तर दहा मिनिटांच्या आत साबण-पाणी. तासाभराने धुऊन फायदा थोडा. काजू फोडताना हाताला आधी खोबरेल किंवा एरंडेल चोळून वर राख लावायची पद्धत आहे. तेलाचा थर टरफलाचं तेल त्वचेपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे ती पद्धत बरोबरच आहे, पण दर तास-दीड तासाने हात पुसून थर नव्याने लावला तरच. हातमोजे नायट्राइलचे चांगले. मात्र आत तेल झिरपलेला फाटका हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट, तेल दिवसभर त्वचेवर दाबून ठेवतो. गुडघ्याला बिब्बा लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: बिब्बा उतला, तर त्या टी पेशींची स्मृती वर्षानुवर्षं राहते आणि नंतर काजूचं तेल किंवा आंब्याची साल लागली तरी त्या उठू शकतात. आंब्याचा नुसता गर, सालीला तोंड न लावता, बहुतेकांना चालतो.

सेट्रिझिन इथे का चालत नाही हे आता कळेल: हिस्टामिनचं हे कामच नाही. थोड्या जागेवर स्टिरॉइडचं मलम काही दिवस. चेहरा सुजला किंवा अंगभर फोड असतील तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे पोटात घ्यायचं स्टिरॉइड देतात आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवतात. पाच दिवसांत थांबवलं तर टी पेशी तिथेच असतात आणि सगळं परत उठतं.

आपणच मोडतो तेव्हा

हेच स्टिरॉइड चुकीच्या जागी गेलं की यंत्रणा मोडते, आणि कोकणात सगळ्यात जास्त मोडते ती गजकर्णावर. ओल्या कपड्यांत जांघेत, कमरेला बुरशी धरते. तिला हटवतात त्याच उशिराने येणाऱ्या टी पेशी. लाली आणि खाज ही त्यांच्या कामाची खूण. दुकानातून मागून आणलेल्या मलमात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटॅसोलसारखं जबर स्टिरॉइड असं तिन्ही असतं. दोन दिवसांत खाज जाते, कारण टी पेशी गप्प झाल्या. बुरशी तशीच पसरत राहते आणि मधोमध साफ, कडेला लाल अशी नेहमीची कडही पुसली जाते. आता भर म्हणून २०२० मध्ये नाव मिळालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशीची जात आहे, तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध पुष्कळदा चालत नाही. नळीवर ‘सोल’, ‘सोन’ने संपणारं नाव दिसलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गजकर्णाला लावू नका. क्लोट्रिमॅझोलसारखी ‘झोल’वाली नावं बुरशीच्या औषधांची असतात, ती वेगळी.

पोटातल्या स्टिरॉइडचा आवाका मोठा. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त घेतलं की माणूस प्रतिकार दबलेला समजतात आणि जिवंत विषाणूंची लस देत नाहीत. अशा वेळी रक्ताचा कागद फसवतो. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीवरून सुटून रक्तात येतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. पण त्यांना जखमेत शिरता येत नसतं. टी पेशी कमी होतात आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तर जवळजवळ शून्यावर येतात. ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्यांच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस हा जंत वर्षानुवर्षं राहू शकतो. इओसिनोफिल त्याला धाकात ठेवतात. स्टिरॉइड सुरू झालं की जंत फुप्फुसापर्यंत पसरतो, आणि एरवी संशय आणणारे वाढलेले इओसिनोफिल त्याच वेळी कागदावरून नाहीसे झालेले असतात. जास्त दिवसांचं स्टिरॉइड सुरू करायचं असेल तर आधी शौचाची तपासणी किंवा आयव्हरमेक्टिन या जंताच्या औषधाविषयी विचारावं. आणि तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नये, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, तोवर झोपलेलं असतं.

मधुमेहात मोडतात त्या न्यूट्रोफिल. साखर सतत वाढलेली असली की त्या जखमेकडे हळू सरकतात, गिळलेला जिवाणू नीट मारत नाहीत. याचं सर्वांत गंभीर उदाहरण चिखलातलंच आहे: मेलिऑइडोसिस. बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय हा मातीतला जिवाणू, उडुपी-मंगळूर पट्ट्यात पावसाळ्यात त्याचे रुग्ण सापडतात आणि त्यांत मधुमेही बरेच असतात. ताप, फुप्फुसात डाग, यकृतात किंवा प्लीहेत, म्हणजे पानथरीत, गळू. अनेकदा क्षयाचं औषध सुरू होतं आणि माणूस खंगत जातो. रक्ताचं कल्चर केलं तर सापडतो, आणि औषध निराळं लागतं: सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १० ते १४ दिवस, मग को-ट्रायमॉक्झाझोल तीन महिने किंवा जास्त. मधुमेही माणसाने लावणीला गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर वाफ्यात उतरू नये.

शेवटी प्लीहा, जिच्याविषयी फार कमी बोललं जातं. नारळावरून, आंब्यावरून पडून पोटाला मार बसला की कधीकधी ती काढावी लागते. न्यूमोकॉकससारख्या जाड आवरणाच्या जिवाणूंना रक्तातून गाळणं आणि त्यांच्याविरुद्ध झटपट प्रतिपिंड बनवणं हे तिचं काम. ती गेल्यावर ते जिवाणू काही तासांत रक्तभर होऊ शकतात. शस्त्रक्रिया तातडीची झाली असेल तर साधारण १४ दिवसांनी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जिवाणूंविरुद्धच्या लसी घ्याव्यात, फ्लूची दरवर्षी. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, तेव्हा घरच्यांनी विचारावं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रतिजैविक घरात ठेवावं. थंडी वाजून ताप आला, कुत्र्याने ओरखडलं तरी पहिला डोस घेऊन त्याच तासात रुग्णालयाची वाट धरावी, आणि केसपेपर लिहिणाऱ्याला पहिलं वाक्य ‘प्लीहा काढलेली आहे’ हेच सांगावं.